घरी इअरबड बांधताना: आधी मोजा, मग ऐका, गोंद सगळ्यात शेवटी

"दादा, एका कानातनं आवाज बारीक येतोय, जरा बघा की."

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या टेबलावर महिन्यातून दोन-तीनदा असा डबा येतोच. आत एमएक्स५०० पद्धतीचं शेल (सेनहायझरच्या जुन्या इअरबडसारखं बाहेरचं कवच), ऑनलाइन मागवलेले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवले स्पीकर, हौसेनं विणलेली केबल; आणि सगळं गोंदानं असं पक्कं केलेलं की उघडायला जावं तर टोपण तडकतं. चूक बहुतेक वेळा दहा मिनिटांत निघणारी असते, पण ती गोंदाच्या आत जाऊन बसलेली असते.

सोल्डरिंग बऱ्याच जणांना जमतं. चुकतो तो क्रम. पार्सल आलं की त्याच रात्री डाग मारायचा, बंद करायचं, गाणं लावायचं आणि मग बास कुठं गेला म्हणून शोधायचं. म्हणून खाली क्रमानंच लिहितो. हे सगळं वायरवाल्या, कानाच्या पाळीत टेकणाऱ्या इअरबडबद्दल आहे. कानात आत जाणाऱ्या इन-इअरचे वेगळे मुद्दे शेवटी आहेत. ब्लूटूथ बड या लेखात नाहीत. त्यातल्या इवल्याशा लिथियम बॅटरीला चिमट्याचं टोक लागलं तर ती पेटू शकते, आणि पहिल्या प्रयोगाला ते झेपणारं नाही.

## १. सामान मागवताना

शेल एमएक्स५०० पद्धतीचं घ्या. ते स्वस्त असतं, उघडता येतं आणि त्यात १५.४ मिलिमीटरचा ड्रायव्हर बसतो. बाजारात १४.८ मिलिमीटरचेही ड्रायव्हर मिळतात, ते दुसऱ्या शेलसाठी असतात. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, पण लहान ड्रायव्हर मोठ्या टोपणात खुळखुळतो आणि कडेनं हवा निसटते. ऑर्डर देताना दोन्ही आकडे एकदा जुळवून बघा.

ड्रायव्हर पहिल्यांदा ३२ ओहमचाच घ्या, मोबाइलवर आरामात वाजतो. १५० आणि ३०० ओहमवाल्यांची चर्चा फार असते, पण त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. साध्या फोनवर ते मेल्यासारखे वाजतात आणि दोष मात्र तुमच्या डागाला येतो. एकच जोडी मागवू नका. निदान पाच जोड्या मागवा. का ते दुसऱ्या टप्प्यात कळेल.

बाकीचं गावातच मिळतं. मोबाइल रिपेअरवाले जिथून घेतात तिथं सोल्डरिंग आयर्नची बारीक टोकाची बिट, कॅप्टन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर टेप), पातळ सोल्डर आणि सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा फ्लक्स मिळेल. सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७ (कथिल/शिसं) घ्या, जाडी ०.५ ते ०.८ मिलिमीटर. डोळ्याला लावायचं भिंग गुजरीत सोनारी हत्यारांच्या दुकानात बघा, आणि पितळी चिमटा दिसला तर तोही उचला. लोखंडी चिमटा इथं का चालत नाही ते पुढे येतंच. मायक्रोपोर टेप औषधाच्या दुकानात मिळते. एक साधा मल्टिमीटर लागेल. १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि पेन्सिल सेल लागेल.

सावध: फ्लक्स राळेचाच हवा. हुपरीकडचा एक मित्र चांदीकामातला डाख आणि टाकणखार घेऊन आला होता. तो डाख वितळायला जी आच लागते त्यात ड्रायव्हरचं प्लॅस्टिक धूर होऊन जाईल. कल्हईचा नवसागर किंवा रेडिएटरवाल्यांची आम्लाची पेस्ट तर नकोच. डाग चकचकीत येतो, पण उरलेलं आम्ल बारीक तार खात राहतं आणि काही महिन्यांनी एक बाजू बंद पडते.

## २. ड्रायव्हरच्या जोड्या लावणं

हा टप्पा जवळजवळ सगळेच टाळतात, आणि "एका कानातनं बारीक" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. पिशवीतले दोन ड्रायव्हर शेजारी-शेजारी होते म्हणून ते जोडीचे होत नाहीत.

दहाही ड्रायव्हरच्या पाठीवर मार्करनं बारीक आकडे टाका. मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवा. जो आकडा येईल, साधारण ०.२ ते ०.६, तो प्रोबच्या वायरींचा. तो प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. मग ड्रायव्हरच्या दोन पॅडवर, म्हणजे वायर जोडायच्या धातूच्या ठिपक्यांवर, प्रोब हलकेच टेकवा. बारीक 'टक्' ऐकू येईल आणि ३२च्या आसपास आकडा दिसेल. वहीत लिहा. दोघांत एक ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर ती जोडी लावू नका.

पण आकडा जुळला म्हणजे आवाज जुळला असंही नाही. पडदा किती ताणलेला आहे, चुंबक किती जोराचा आहे, हे ओहममध्ये दिसत नाही. म्हणून ऐकायचं. मेलेल्या इअरफोनची पिन वीतभर वायरीसकट कापून घ्या, टोकांना सोल्डर चढवा आणि ती टोकं ड्रायव्हरच्या पॅडवर कॅप्टन टेपनं दाबून बसवा. ड्रायव्हर समोरच्या टोपणात ठेवा. फोनवर मोनो नॉइज लावा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखी येणारी सरसर. आवाज कमी ठेवा. सगळे ड्रायव्हर एकाच कानाला, एकाच जागी टेकवून आळीपाळीनं ऐका. दहातले दोन-तीन तरी वेगळे निघतात: एखादा मंद, एखादा कर्कश. उरलेल्यांतून जोडी निवडायची.

त्यानंतर २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा स्वीप टोन ऐका. २०० हर्ट्झच्या खाली कुठं 'खर्र' झालं तर पडद्याला काहीतरी लागतंय. बहुतेक वेळा केस असतो, तुमच्याच भुवईचा किंवा घरातल्या मांजराचा. भिंगाखाली बघा, मऊ ब्रशनं अलगद काढा.

सावध: पडदा दबलाय असं वाटलं म्हणून तोंडानं हवा ओढू नका. सरळ होण्याऐवजी त्याला कायमची घडी पडते, शिवाय आत थुंकी जाते.

## ३. प्लस कुठला ते ठरवा

पॅडजवळ लाल ठिपका किंवा अधिकचं चिन्ह असतं. असतंच असं नाही, आणि असलं तरी दोन्ही ड्रायव्हरवर एकाच बाजूला असेल याची खात्री नाही. सेलच्या प्लसला १०० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि त्यातून ड्रायव्हरच्या एका पॅडला क्षणभर टेकवा. दुसरा पॅड सेलच्या मायनसला. टेबल-लॅम्पचं प्रतिबिंब पडद्यावर पडेल असं धरलंत तर ते बारीक हललेलं दिसतं. पडदा ज्या जोडणीत बाहेर येतो तिथला, सेलच्या प्लसला लागलेला पॅड म्हणजे तुमचा प्लस. दोन्ही ड्रायव्हरवर स्वतःची खूण करा.

रेझिस्टर न लावता सेल धरून ठेवू नका. ३२ ओहमच्या कॉइलमधून मग साधारण ४७ मिलिअँपिअर जातात, आणि तारेच्या मानानं ती चांगलीच धग आहे.

## ४. टेबल तयार करा

ड्रायव्हरच्या पाठीत निओडायमियम चुंबक असतो. सोल्डरिंगची बिट आतून तांब्याची असली तरी तिच्यावर लोखंडाचा थर असतो. म्हणजे तुम्ही बिट किंवा लोखंडी चिमटा जवळ नेला की ड्रायव्हर उडी मारून त्याला चिकटतो, आणि चिकटतो तो नेमका नको त्या जागी. त्यावर उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्याला ड्रायव्हर घट्ट बसेल एवढं भोक पाडा, पुठ्ठा टेबलाला चिकटवा आणि ड्रायव्हर पालथा त्यात दाबा. पडद्याखाली मोकळी जागा राहिली पाहिजे.

आता लोखंडाचा कीस. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या एका पोरानं मस्त निगुतीनं चार जोड्या बांधल्या आणि चारही खरखरल्या. डाग सुंदर होते. शेवटी भिंगातून पाहिलं तर पडद्याच्या कडेला बारीक काळी कुसळं उभी होती. कामावरून आल्यावर तो त्याच शर्टात बसायचा. चुंबकानं शर्टावरचा कीस ओढून घेतला होता. घरात ग्राइंडिंग, फाइलिंग काही चालत असेल तर टेबल दुसऱ्या खोलीत न्या, कपडे बदला, खाली पांढरा कागद अंथरा. आणि ड्रायव्हर काम नसताना झाकलेला ठेवा.

## ५. केबल: आधी ओवा, मग डागा

सगळ्यात जास्त शिव्या इथं पडतात, त्याही स्वतःलाच. डाग मारून झाला, मीटरवर सगळं बरोबर, आणि मग जॅकचं टोपण टेबलावर तसंच पडलेलं दिसतं. मी अजूनही वर्षातून एकदा तरी हे करतो.

ओवण्याचा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा. जॅकच्या टोकाकडून जॅकचं टोपण. मग जिथं केबल दोन कानांसाठी फुटते तिथली वाय-जोडाची नळी. मग गळ्याशी सरकणारा मणी. आणि फुटलेल्या दोन्ही वायरींवर शेलच्या दांडीच्या टोकाची एकेक नळी. त्यानंतर वायर मागच्या शेलमधून वर काढायची आणि आत एक साधी गाठ मारायची. केबल ओढली गेली तर ताण गाठीवर यावा, पॅडवर नाही. गाठीपासून पॅडपर्यंत दीड-दोन सेंटिमीटर वायर सैल ठेवा. घट्ट ठेवलीत तर बंद करताना ड्रायव्हर तिरका बसतो. फार सैल सोडलीत तर वायर ड्रायव्हरच्या पाठीवर आपटून वाजते.

पण ही गाठ जॅकचा डाग झाल्यावरच मारा.

तपासा: सगळे सुटे भाग वायरीवर आहेत का? बोटानं एकेक सरकवून मोजा.

## ६. वायरीची टोकं

इअरफोनच्या वायरी बहुधा इनॅमलचा (वार्निशसारखा) थर दिलेल्या बारीक तांब्याच्या तारांच्या असतात, मध्ये नायलॉनचा धागा. लाल, हिरवा किंवा निळा दिसतो तो रंग त्या थराचाच. तो गेल्याशिवाय सोल्डर धरत नाही. म्हणूनच काहींचे डाग वरून छान दिसतात आणि मीटरवर काहीच येत नाही.

काडेपेटीनं जाळू नका. तांबं काळं पडतं आणि मग सोल्डर त्यावरून घरंगळतं. आयर्न ३६० ते ३८० अंशांवर ठेवा, बिटवर सोल्डरचा चांगला टपोरा थेंब घ्या, फ्लक्स लावलेलं टोक त्या थेंबात बुडवा आणि हळू फिरवा. आधी बारीक धूर येईल, मग तारेचा रंग उडून ती चांदीसारखी होईल. दोन-तीन मिलिमीटर पुरे. धागा जळून गोळा झाला तर कापून टाका.

तापमान न दाखवणारं साधं २५ वॅटचं आयर्न असेल तरी हे जमतं, फक्त तापायला पुरेसा वेळ द्या. खिडकी उघडी ठेवा. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा उठून थेट मिसळीवर बसू नका, हात साबणानं धुवा.

## ७. आधी जॅक, मग ड्रायव्हर

जॅकची बाजू पहिल्यांदा केली की प्रत्येक वायर कुठली ते ड्रायव्हरला हात न लावता मीटरवर तपासता येतं. साध्या ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये टोक म्हणजे डावा, मधलं कडं म्हणजे उजवा, बुडाचा भाग म्हणजे दोन्हींचा सामाईक मायनस. केबलमध्ये चार वायरी असतील तर दोन्ही मायनस बुडाशी एकत्र करा. रंगांवर विश्वास ठेवू नका. लाल म्हणजे उजवा असा रिवाज आहे, पण केबल बनवणाऱ्यानं तो पाळलाच असेल असं नाही.

४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक लावणार असाल तर क्रम असा: टोक डावा प्लस, पहिलं कडं डावा मायनस, दुसरं कडं उजवा प्लस, तिसरं कडं उजवा मायनस, बूड मोकळं. इथं दोन मायनस एकमेकांना लागता कामा नयेत. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये मायनसवरही सिग्नल असतो. ते एकत्र केले तर ॲम्प्लिफायर जाऊ शकतो. म्हणून ४.४च्या भोकातून ३.५चा जॅक चालवणारे स्वस्त कन्व्हर्टरही वापरू नका.

तपासा: मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड असला की बझर वाजतो त्या खुणेवर, ठेवून जॅकचा प्रत्येक भाग आणि वायरीचं प्रत्येक टोक बघा. बझर वाजत असताना केबल जॅकपाशी वाकवा, पिळा. मध्येच तुटला तर डाग कच्चा आहे. आत्ताच पुन्हा करा, मग शेलमध्ये गाठ मारा.

आता ड्रायव्हर. पाठीवरच्या छोट्या पट्टीवर दोन पॅड असतात, आणि त्याच पॅडवर कॉइलची केसाहून बारीक तार आधीच जोडलेली असते. भिंगातून ती कुठून येते ते आधी नीट पाहून घ्या. तुमची वायर पॅडच्या उलट्या कडेला लावायची. मूळ सोल्डर काढू नका, पुसू नका. त्यातच ती तार अडकलेली आहे.

आयर्न ३२० ते ३५०. पॅडवर सुईच्या टोकावर मावेल एवढा फ्लक्स. सोल्डर चढवलेली वायर पॅडवर टेकवा, बिटवर थोडंसं सोल्डर घ्या आणि टेकवा: एक, दोन, उचला. दोन सेकंदांत झालं नाही तर थांबा, अर्धा मिनिट थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. "अजून थोडं" म्हणत पाच सेकंद धरलं की खालचं प्लॅस्टिक मऊ होतं, पॅड सरकतो आणि कॉइलची तार तुटते. ती तार जोडता येते असं सांगणारे भेटतील. मला आजवर एकदाच जमलंय.

आधी मेलेल्या इअरफोनच्या ड्रायव्हरवर दहा डाग मारून बघा. दहापैकी आठ डाग ड्रायव्हरला धक्का न लावता जमले की चांगल्या मालाला हात लावा.

तपासा: आता जॅकवरून मोजा. टोक आणि बूड: सुमारे ३२. मधलं कडं आणि बूड: तेवढेच. टोक आणि मधलं कडं: दोन्हींची बेरीज, म्हणजे ६४च्या आसपास. कुठं शून्य-एक दिसलं तर शॉर्ट. काहीच दिसलं नाही तर कुठलातरी डाग सुटलाय. हे तीन आकडे वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ८. टेप लावून बंद करा आणि ऐका

गोंदाची ट्यूब अजून कपाटातच राहू दे.

ड्रायव्हर समोरच्या टोपणात सपाट बसवा. कड सगळीकडून टेकली पाहिजे. तिरका बसला तर पडद्यासमोरची हवा मागच्या बाजूला पळते आणि बास जातो. मागचं शेल लावून सांध्यावरून मास्किंग टेपची एक फेरी मारा. फोम चढवा.

पहिली परीक्षा मोनो आवाजाची: बोलणारा माणूस बरोबर डोक्याच्या मध्ये बसला पाहिजे. आवाज पसरट, पोकळ, कानांच्या बाहेर कुठंतरी असल्यासारखा येत असेल आणि बास नसेल तर एका ड्रायव्हरचा प्लस-मायनस उलटा आहे. उघडा, एका बाजूच्या दोन वायरी बदला. टेप असल्यानं पाच मिनिटांचं काम आहे.

आवाज एका बाजूला झुकत असेल तर इअरबड अदलाबदल करून घाला, डावा उजव्या कानात. झुकावाची बाजू बदलली तर दोष इअरबडमध्ये, किंवा फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधल्या बॅलन्सच्या पट्टीत. बदलली नाही तर तुमच्या कानात. त्या बॅलन्सच्या पट्टीपायी मी एकदा अख्खा रविवार घालवलाय.

केएमटीच्या बसमध्ये बसून ऐकू नका. इअरबड बाहेरचा आवाज अडवत नाहीत. इंजिनच्या घरघरीत खालचा बास बुडतो आणि घरी आल्यावर तुम्ही तो उगाच वाढवून ठेवता. गणपतीच्या मिरवणुकीत साउंडच्या भिंतीसमोर नाचून आला असाल तर दुसऱ्या दिवशीही ऐकू नका. कान बधिर असतात, वरचे स्वर कमी भासतात.

## ९. सूर जुळवणं

इथं वेळ घालवा. माझ्या एका जोडीला चार-पाच संध्याकाळी लागतात. नियम एकच: एका वेळी एकच बदल, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि वहीत नोंद.

ऐकायला काय घ्यावं? मी तीन गोष्टी घेतो. तंबोरा: षड्जाची तार छेडल्यावर तिचं घुमणं दोन्ही कानांत सारखं विरतं का? मग एखाद्या बाईचा मोकळा गाता आवाज. आणि कुस्तीच्या मैदानातलं हलगी-घुमकं. हलगीवरची बारीक काडी कानाला टोचायला लागली की वरचा भाग चढलाय. घुमक्याचा ठोका 'धम्' असा तुटक न येता 'धूंऽऽ' असा पसरला की मधला बास फुगलाय. आपल्या कानांना हलगी खरी कशी वाजते हे पाठ असतं. अनोळखी परदेशी रेकॉर्डिंगवर चूक पकडणं त्याहून अवघड.

पहिला बदल फोमचा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक. उघड्या इअरबडमध्ये कान आणि टोपण यांत फट राहते, बास गळतो. मध्ये भोक असलेला फोम चढवला की फट भरते, बास येतो आणि वरचे स्वर फारसे दबत नाहीत. अखंड फोमनं बास आणखी बसतो आणि हलगीची धार थोडी बोथट होते. लोक ड्रायव्हर बदलतात आणि फोम तसाच ठेवतात, याचं मला नवल वाटतं.

दुसरा बदल ड्रायव्हरच्या पाठीवरच्या भोकांचा. त्यांवर आधीच पातळ कागद किंवा जाळी असते. तिथून पडद्यामागची हवा जा-ये करते. वाट जितकी मोकळी तितका बास सैल आणि जास्त; वाट जितकी कोंडलेली तितका बास कमी आणि मधले स्वर पुढे. घुमकं पसरत असेल तर मायक्रोपोर टेपचा तुकडा एका भोकावर लावून बघा, मग दुसऱ्यावर. मूळ कागद फाडून "बास मोड" करणारे खूप आहेत. तो कागद परत मिळत नाही. आधी टेप लावून बघा, फाडायचा विचार अगदी शेवटी.

सावध: टेपचा चिकट भाग भोकातून आत पडद्यापर्यंत जाऊ देऊ नका. भोकापेक्षा मोठा तुकडा घ्या, सपाट बसवा, नखानं दाबू नका.

तिसरा बदल मागच्या पोकळीत कापूस किंवा फोमचा तुकडा. रिकाम्या शेलमध्ये आवाज डबड्यात बोलल्यासारखा येतो. हरभऱ्याएवढा सैल कापूस पुरतो. दोन्ही बाजूंना सारखा कसा घालायचा? कापसाची एक सलग पट्टी घ्या आणि मधोमध कापा. सोनाराच्या काट्यावर तोलणारेही आहेत. मी हसलो होतो, पण त्यांच्या दोन बाजू माझ्यापेक्षा चांगल्या जुळल्या. कापूस ठासून भरला तर आवाज गळा दाबल्यासारखा होतो. आणि शेलच्या मागच्या फटी त्यानं पूर्ण बुजवू नका.

हलगी अजूनही टोचतेय? समोरच्या टोपणाच्या आतून पातळ जाळीचं किंवा विणीच्या कापडाचं गोल वर्तुळ लावा. ते पडद्याला टेकत नाही ना, हे स्वीप टोन लावून बघा.

प्रत्येक बदलानंतर निदान एक रात्र जाऊ द्या. नवीन ते चांगलं, असं कान पहिली वीस मिनिटं सांगतात.

आणि आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. आवाज वाढला की तास झपाट्यानं कमी होतात. सूर जुळवताना माणूस नकळत बटण वर सरकवत जातो.

## १०. आता गोंद

तीन आकडे पुन्हा मोजा. स्वीप पुन्हा ऐका. डावा-उजवा खूण केली का ते बघा. मग टेप काढा.

बी-७००० सारखा लवचिक गोंद घ्या. सुईच्या टोकानं सांध्यावर तीन-चार ठिकाणी फक्त ठिपके द्या. अख्खी फेरी मारायची गरज नाही. ठिपके दिलेलं शेल पुढे कधी ब्लेड घालून उघडता येतं. कपड्याच्या चिमट्यात हलकं दाबून ठेवा आणि २४ तास हात लावू नका. जुलै-ऑगस्टात, भिंतींना ओल असते तेव्हा, मी दोन दिवस ठेवतो.

सावध: झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. त्याची वाफ बंद शेलमध्ये फिरते आणि पडद्यावर पांढरी साय धरते. माझी तिसरी जोडी अशीच गेली. रात्री उत्तम वाजत होती, सकाळी वरचे स्वर गायब. उघडून पाहिलं तर पडदा दुधात बुडवल्यासारखा. ते पुसून निघत नाही.

वापर सुरू झाल्यावर फोम घामानं ओला झाला तर काढून वाळवा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. पारदर्शक केबल आतून हिरवी पडते ती तांब्यावर घाम आणि हवेचा परिणाम होऊन. दिसायला वाईट, पण आवाज त्यानं लगेच बिघडत नाही. जॅकपाशी किंवा दांडीपाशी हिरवं दिसलं तर मात्र तीन आकडे मोजा.

## इन-इअर करायचे असतील तर

डाग, जोड्या आणि मोजणी तीच. फरक हवेच्या वाटांचा. इअरबड गळका असतो म्हणून चालतो. इन-इअर कानात बुचासारखं बसतं, त्यामुळे पडद्यासमोरची एक टाचणीएवढी फटसुद्धा बास खाऊन टाकते. ड्रायव्हर आणि शेल यांच्यामधला सांधा सगळीकडून बंद हवा. इथं ठिपके चालणार नाहीत, गोंदाची अखंड फेरी हवी, आणि म्हणून ऐकणं त्याआधीच पूर्ण व्हायला हवं. फेरीसाठी तात्पुरतं मऊ चिकट पुट्टीचं कडं लावून बघा.

समोरच्या बाजूला शेलला एक बारीक भोक असतं. ते गोंदानं बुजलं की इन-इअर कानात दाबताना 'कट्' असा आवाज येतो: कोंडलेल्या हवेनं पडदा आत ढकलला जातो. नळीतली जाळी बदलताना जुनी मापून घ्या. जाळीची वीण बदलली की हलगीची धार बदलते. दोन पिनांच्या ०.७८ मिलिमीटर सॉकेटला डाग मारताना त्यात जुनी पिन घालून ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक मऊ होऊन भोकं एकमेकांकडे झुकतात. पिन मोडकीच घ्या, फेकायच्या केबलची.

स्वतःच्या कानाच्या मापाचं शेल करायची हौस अनेकांना येते. त्यासाठी कानाचा साचा लागतो. कानात सिलिकॉन किंवा दातांच्या दवाखान्यातली पुट्टी घरी ओतू नका. श्रवणयंत्रं देणारे ऑडिओलॉजिस्ट साचा घेताना आधी कानात तपासतात, मग दोरा बांधलेला छोटा बोळा आत ठेवतात, म्हणजे माल कानाच्या पडद्यापर्यंत जात नाही. तो बोळा किती आत हवा हे बघायला त्यांच्याकडे दिवा आणि सराव दोन्ही असतात. साचा त्यांच्याकडून घ्या आणि पुढचं काम घरी करा. शेल ओतायचं यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात कडक होणारं) हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि पूर्ण कडक न झालेलं शेल "फक्त बसतंय का बघतो" म्हणून कानात घालू नका.